नावं ठेवून घेतलेली फरशी

दगडातलं मला कळतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आमचं मूळ गाव वडूजच्याही पूर्वेला. तिथल्या रानात काहीही पेरा, उगवतो दगडच. पाऊस बरा झाला तर टपोरा, नाही झाला तर बारीक, एवढाच फरक. आमच्या वावरातले दगड वेचून माझ्या आज्ज्यानं जो बांध घातला तो म्हणे विमानातून दिसतो. म्हणे म्हणजे, मीच एकदा साताऱ्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला तसं सांगितलं होतं, आणि पुढं कधीतरी दुसऱ्याच एका गिऱ्हाइकानं ते मला ऐकवलं. तेव्हापासून माझाही त्यावर विश्वास बसला.

दुकान पाण्याच्या पंपांचं आहे. पंप विकणाऱ्याला दगडातलं काय कळणार, असं कुणी म्हणू नये. बोअर मारताना कुठल्या थराला कसला दगड लागला हे लोक माझ्यापुढं बसून रडत रडत सांगतात. त्यामुळं जमिनीच्या वरचा दगड मला वारशानं कळतो आणि जमिनीच्या खालचा धंद्यानं. राहता राहिला स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा. तेवढ्यानं माझी अब्रू घेतली.

झालं असं की साताऱ्याच्या कडेला आम्ही घर बांधायला काढलं. त्याआधी आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो आणि तिथला ओटा होता काळ्या कडप्प्याचा. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, तीही हात लांब केला तर खाजवता येईल इतकी जवळ. त्या अंधारात, त्या काळ्या ओट्यावर माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून स्वयंपाक केला. मोहरी सांडली की गेली. काळी मोहरी, काळी मुंगी आणि काळी फरशी या तिघींचं आपसात इतकं गूळपीठ होतं की एकदा बायकोनं फोडणीला म्हणून चिमूट उचलली, आणि ती तडतडायच्या ऐवजी कढईच्या कडेवरून चालत बाहेर आली. हे मी रंगवून सांगतोय असं बायको म्हणते. पण मुंग्या पाहिल्या होत्या मी. त्यातली एक तर माझ्याकडं बघून थांबलीसुद्धा.

म्हणून घराचा पाया खणताना तिनं एकच मागणं मागितलं. दिवाणखाना तुमच्या मनासारखा करा, देवघर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मनासारखं करा, पण ओट्याचा दगड मी निवडणार. ज्याच्यावर सांडलेलं दिसेल असा दगड. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला, "तू निवडायचीस. मी तोंड उघडणार नाही."

आता हा शब्द मी का पाळू शकलो नाही, हे कळायला आमच्या घराण्याची रीत कळली पाहिजे.

आमच्या पिढ्यान्पिढ्या मेंढरांमागं गेल्या. शेती नंतरची. त्यामुळं आमच्यात खरेदी करायची ती मेंढरांच्या बाजारात करतात तशी, मग ते मेंढरू असो, मोटारसायकल असो नाहीतर जावई. पद्धत अशी की जे जनावर मनात भरलं त्याच्याकडं चुकूनसुद्धा बघायचं नाही. बघावं लागलंच तर नाक मुरडायचं. आणि शेजारी जे सगळ्यांत रोगट उभं असेल त्याचं तोंड भरून कौतुक करायचं. माझे वडील या कलेतले उस्ताद. एकदा त्यांना एक काळाभोर बकरा हवा होता. अख्खी सकाळ ते त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि शेजारच्या लंगड्या मेंढीला म्हणत राहिले, "काय चाल हाय, काय डौल हाय! लक्ष्मी हाय लक्ष्मी!" ती मेंढी बिचारी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःबद्दल बरं ऐकत होती; शेवटी शेवटी तर तिचं लंगडणं कमी झालं. मग वडील निघाले, पार बाजाराच्या टोकापर्यंत गेले, आणि तिथून वळून म्हणाले, "आन् त्ये सर्दी झाल्यालं काळं टाकूनच द्यायचं असंल तर बांधा बरुबर." बकरा घरी आला.

ही रीत बाजारात राहिली असती तर ठीक. पण ती आमच्या घरात शिरली, चुलीपाशी बसली. आई जेवताना म्हणाली की, "काय बाई ह्यो रस्सा, नुस्तं ऊन पानी," की समजायचं पातेलं तिच्याकडं सरकवायचं. आणि "बरं झालंय" म्हणाली तर ते कालवण कुत्र्यालासुद्धा घालू नये. माझ्या बायकोला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर कित्येक दिवस ती चांगल्या भाज्यांना रडली आणि बिघडलेल्या भाज्या पुन्हा पुन्हा करत राहिली.

तिचं माहेर तासगावकडचं. द्राक्षांचे मळे, बेदाण्याची शेड. त्यांच्याकडची रीत अगदी उलटी. सौद्यात माल हातावर घ्यायचा, तोंडात टाकायचा, चांगला असला तर चारचौघांत चांगला म्हणायचा, आणि नसला तर मालकाच्या तोंडावर सांगायचं. एवढं सरळ बोलणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. मला तर ती भोळी वाटायची.

तर फरशी बघायला आम्ही सांगलीला निघालो. साताऱ्यात फरशीची दुकानं नाहीत असं नाही. पण माझ्या मेव्हण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, ठाम मत होतं की ग्रॅनाईट कर्नाटकातून येतो, तो साताऱ्याला पोचेस्तोवर दमतो, सांगलीत ताजा मिळतो. जणू काही मासळीच. तो तासगावहून थेट गोडाऊनवर येणार होता. गाडीत आम्ही तिघंच, मी, बायको आणि आई. कराड मागं पडल्यावर मी शिकवणी सुरू केली.

"हे बघा, तिथं गेल्यावर आवडलं तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही. आवडली तिला नावं ठेवायची, नावडती डोक्यावर घ्यायची. शेवटी मी गेटातून परत वळून—"

"म्या काय आज बाजार बघायला निघालीय व्हय रं?" आई मागून म्हणाली. "मला शिकवतंय. तू पोटात हुतास तवापास्नं मी बाजार करतीया."

बायको खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुम्ही तोंड उघडणार नव्हता."

"उघडणार नाहीच. फक्त नावं ठेवणार. ते बोलण्यात धरत नाहीत."

"मला बघायला आलात तेव्हापण असंच केलं होतं. आठवतंय?"

आठवत होतं. मुलगी बघताक्षणी मनात भरली, म्हणून मी रिवाजाप्रमाणं तिच्याकडं पाठ करून बसलो आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्यांच्या म्हशीचं कौतुक सुरू केलं. काय तिची कांती, काय तिचे डोळे, काय तिचं ते शांतपणे रवंथ करणं. सासऱ्यांनी मला गोठ्यात नेऊन दाखवली. मी पोहे उभ्यानं, म्हशीपाशीच खाल्ले. सोयरीक कशी जमली हे मला अजून नीट माहीत नाही.

"जमलं की नाही शेवटी?" मी म्हटलं. इस्लामपूर आलं आणि गेलं.

गोडाऊन सांगली-मिरज रस्त्याला. आत शिरलो तर डोळे फिरले. लोखंडी घोड्यांना टेकून पुरुषभर उंचीच्या फरश्या उभ्या. ओळीच्या ओळी, लग्नाच्या पंगतीला ताटकळलेल्या वऱ्हाडासारख्या. काळ्या, करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या, एक तर हुबेहूब चिवड्यासारखी. मालक मिरजेचा, बोलण्याला जरा कानडी हेल. हातात पाण्याचा मग. फरशी दाखवायची म्हणजे तिच्यावर पाणी मारायचं आणि फडकं फिरवायचं. ओल्यात कुठलाही दगड राजबिंडा दिसतो. हे मला माहीत होतं, कारण ओल्यात आमचं रानसुद्धा बरं दिसतं.

बायकोनं पिशवीतून डबा काढला. त्यात अर्धं लिंबू, चिमटीभर हळद, कांदा-लसूण चटणीचं तेल, थोडे तांदूळ आणि थोडी मोहरी.

मालक म्हणाला, "वैनी, फरशी घ्यायला आलाय काय पोहे करायला?"

"पोहे तुमच्या फरशीवर जन्मभर करायचेत," ती म्हणाली. "आज एकदा करून बघते."

आणि ती एकेका फरशीपुढं उभी राहिली. मालकानं कापताना राहिलेले तुकडे आडवे मांडून दिले. पांढऱ्यावर हळद आणि लिंबू ठेवून थोड्या वेळानं पुसलं, तर फरशी हळदी लागलेल्या नवरीसारखी पिवळी. काळ्यावर मोहरी टाकली, मोहरी बेपत्ता. करड्यावर तेल टाकलं ते आत मुरलं. मेव्हणा आला होता तोवर. "आक्का, चटणी जरा माझ्या हातावर दे गं," म्हणून त्याचं तेवढ्यात चाखूनही झालं.

मग ती एका फरशीपाशी थांबली. कोपऱ्यात होती. रंग हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्याचा असतो तसला, हिरवट-करडा, आणि आत चांदीचे बारीक कण, तीळ पेरल्यासारखे. तिनं तुकड्यावर मोहरी टाकली, दिसली. तांदूळ टाकले, दिसले. हळद पुसली, गेली. तेल पुसलं, गेलं. तिनं उभ्या फरशीवर अख्खा तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अहो, ही."

एवढंच. घराचं पत्र्याचं गेट निवडताना मी यापेक्षा जास्त शब्द वापरले होते. पण तो चेहरा मी ओळखतो. माझ्या वडिलांचा काळ्या बकऱ्यापुढं अस्साच झाला असता, त्यांनी होऊ दिला असता तर.

झालं. माझ्या अंगात बाजार संचारला. उघड्यावर असा चेहरा? मालक बघतोय! मी पुढं झालो.

"ही?" मी गरजलो. गरजलो म्हणजे वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "ही फरशी आहे का डबक्यावरचं शेवाळ? आमच्या गावाकडं असला दगड गोठ्यातसुद्धा घालत नाहीत. हिच्यावर शेळी लेंडीसुद्धा टाकणार नाही, लाजेल!"

"तर काय!" आई लगेच सरसावली. "बघूनशान पोटात कालवाया लागलंय. झाका आधी तिला."

मालकाचा चेहरा पडला. आता शेजारचं रोगट जनावर हवं होतं. मी नजर फिरवली आणि ते सापडलं. एक लाल फरशी होती. लाल म्हणजे कसली लाल? जत्रेतलं मटण संपल्यावर उरलेला रस्सा सकाळी जसा दिसतो, वर गोठलेल्या तेलाचे पांढरे चट्टे आणि मधे कुठंतरी काळा काहीतरी तुकडा, तशी. तिच्यावर धूळ होती. तिच्यासमोर उभं राहून माणसं फक्त संडास कुठं आहे विचारत असणार.

मी तिच्यापुढं हात जोडले. "वा! ह्याला म्हणतात दगड! मालक, ही लपवून ठेवली होतीत व्हय?" मी तिच्यावर बोटानं टकटक केली, कान लावून ऐकलं, डोळे मिटले. "मंदिराच्या घंटेचा नाद आहे हिला." मग, आता सांगायलाही कसं तरी वाटतं, पण मी फरशी जिभेनं चाटली. आणि म्हणालो, "गोड्या पाण्यातला दगड आहे. खारट लागत नाही."

"आगं बया," आई म्हणाली, "नव्या नवरीचा शालूच जनू! असा वटा म्या जल्मात बघितला न्हाई." ते मात्र खरं होतं.

मालकाचे डोळे भरून आले. "सायेब," तो म्हणाला, "हिला बघून बोलणारे तुम्ही पयलेच हो." मी बायकोकडं बघून डोळा मिचकावला. तिचं लक्ष नव्हतं. तो मालकानं झेलला, आणि आपल्यालाच आहे असं समजून मला उलट मिचकावला.

बायकोनं तळहात फरशीवरून काढला होता. तुकड्यावरचे तांदूळ ती एकेक करून डब्यात भरत होती. "तुमचं चालू द्या," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, काय सुंदर निभावतेय! जन्मभर मेंढरं राखल्यासारखी!

मग मी "बघू, विचार करून कळवतो" म्हणून बाहेर पडलो. ओट्याच्या मापांचा कागद तिथंच राहिला, तोही मुद्दाम. गेटातून मागं वळायचं मी टाळलं, कारण त्याहून वरची पायरी म्हणजे विकणाऱ्यानंच हाक मारायची. मेव्हणा गाडी वळवायला मागं राहिला होता. आम्ही मुक्कामाला तासगावला त्याच्याच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी जेवणं चालू होती आणि फोन वाजला. मालक. मी मुद्दाम वाजू दिला. भाताचा एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग उचलून अगदी कंटाळल्या आवाजात म्हणालो, "बोला."

"सायेब, काम झालं बगा! कापली, कडा गोल केल्या, सिंकचं भोक पाडलं. गाडी साताऱ्याला निघाली पण."

"कापली? कुठली?"

"ती तुमची लाल की हो! घंटेवाली!"

भाताचा तिसरा घास कुठं गेला मला माहीत नाही. समोर मेव्हणा बसला होता, तोंडभर हसत. "दाजी, मीच सांगितलं त्याला. म्हटलं, आमच्या दाजींनी त्या एका म्हशीखेरीज कधी कशाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आज दगड चाटला माणसानं! घरभरणीचा आहेर आमच्याकडनं. आक्काला माहेरची आठवण राहील ओट्यावर."

आमची शिकवणी कराडच्या पलीकडं झाली होती, आणि हा गाडीत नव्हता. तो आपला सौद्यातला माणूस. चांगलं म्हटलं म्हणजे चांगलं. आणि आता तो दगड नुसता दगड नव्हता, सासरचा आहेर होता. त्याला नको म्हणणं म्हणजे मेव्हण्याला नको म्हणणं. मी बायकोकडं बघितलं. ती ताटातल्या कोशिंबिरीशी बोलावं तसं म्हणाली, "छान."

फरशी आमच्या आधी साताऱ्याला पोचली होती. उन्हात भिंतीला टेकवून ठेवलेली. उतरवणाऱ्यांपैकी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, काय सांडलं असंल तर आत्ताच धुवून घ्या, मग निघत न्हाई."

मला वाटलं होतं बायको भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं! तिनं कौतुक सुरू केलं. शेजारीण आली, "किती सुंदर नाही? यांनी निवडली." गवंडी आला, "नीट बसवा हं, असली फरशी साताऱ्यात कुणाकडं नाही." भावाला फोन केला, "अरे, डोळ्यांचं पारणं फिटलं." सकाळी चहा देताना, "त्या लाल रंगानं कसं प्रसन्न वाटतंय." जगाला ती सुखी दिसत होती. तिची भाषा फक्त दोन माणसांना कळत होती, मला आणि आईला. कारण ती आमचीच भाषा होती. लंगड्या मेंढीचं कौतुक कसं करतात हे ती आमच्याकडं राहून आमच्यापेक्षा चांगलं शिकली होती.

शेवटी आई मला म्हणाली, "आरं लेका, ती आजबी म्हनली, लय झ्याक दिसतीया. आता काय खरं न्हाई तुजं. जा, काय तरी कर."

वास्तुशांत तोंडावर आली होती. नव्या ओट्यावर नव्या शेगडीवर दूध उतू घालायचं, अर्धा सातारा आणि सगळं तासगाव ते बघायला येणार. मी गवंड्याला थांबायला सांगितलं आणि एकटाच तासगावला गेलो.

मेव्हणा बेदाण्याच्या शेडमध्ये होता. त्याला कसं सांगायचं याची मी वाटेत तालीम केली होती, पण सगळी तालीम उलट्या बोलण्याची. सरळ बोलायचा मला सरावच नाही. मी म्हणालो, "तुमची शेड काही खास नाही." तो म्हणाला, "बरं." मी म्हणालो, "बेदाणा पण बारीकच वाटतोय." तो कामाला लागला. मग मी डोळे मिटले आणि पोहता न येणारा माणूस विहिरीत उडी टाकतो तसं म्हणालो, "पावणं, ती लाल फरशी वाईट आहे. तुमच्या आक्काला हिरवी हवी होती. मी मुद्दाम उलटं बोललो. आमच्यात तशी रीत आहे."

त्यानं मूठभर बेदाणे तसेच हातात धरून ठेवले. "म्हणजे आवडतं त्याला नावं ठेवता?"

"व्हय."

"आणि नावडत्याचं कौतुक?"

"व्हय."

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "दाजी... म्हणजे ती म्हैस?"

"आवडली नव्हती," मी म्हणालो.

तो जो हसायला लागला तो बेदाण्याच्या पेटाऱ्यावरच बसला. "आवं दाजी, आमच्या आप्पांनी तुमच्या आहेरात म्हैस द्यायची ठरवली होती! धुऊन, शिंगं रंगवून तयार! आईनं अडवलं, म्हणाली, पोरगी दिलीय तेवढी पुरे, म्हैस दूध देतीय. आम्ही सगळे आत्तापर्यंत समजत होतो की आमच्या आक्काशी तुम्ही म्हशीसाठीच लगीन केलं!"

इतकी वर्षं मी त्या घरात जावई म्हणून मिरवत होतो, आणि ते लोक मला काय समजत होते! दर दिवाळीला सासरी गेलो की सासरे मला आधी गोठा का दाखवत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही दोघं गोडाऊनवर गेलो. मालकानं मला बघून हात पसरले. "बसली काय घंटा?" मी म्हटलं, "मालक, मला ती हिरवट फरशी पाहिजे."

"शेवाळ?" तो म्हणाला. "शेळी लाजते ती?"

मी त्याला सगळं सांगितलं. बाजार, बकरा, मेंढी, रीत. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग मान हलवली. "म्हणजे तुम्ही चांगलं म्हणला तर ते वाईट असतंय."

"तसंच."

"मग आता हिला चांगली म्हणताय."

"हो. म्हणजे नाही. आत्ता खरं बोलतोय."

"मी कसं ओळखायचं हो? उद्या परत येऊन म्हणाल, उलटं बोललो होतो. माझं कटर काय नुस्तं तुमच्यासाठी फिरवू काय?" त्यानं फरशी मागं टाकली होती, तोंड भिंतीकडं करून. माझ्यामुळं. "मला सरळ एक वाक्य सांगा. तिच्याकडं बघून."

त्यानं ती दोघा माणसांकडून वळवून घेतली. पाणी नाही मारलं. कोरडीच ठेवली समोर. आणि मी, ज्यानं पंपाच्या गुणवर्णनात कृष्णेला उलटी वाहायला लावलंय, तो मी तिथं उभा राहून शब्द शोधत होतो. मेव्हणा बाजूला, "म्हणा दाजी, म्हणा, लाजू नका." शेवटी मी म्हणालो, "ही माझ्या बायकोनं निवडली आहे. चांगली आहे. तिच्यावर मोहरी दिसते."

मालक मेव्हण्याकडं बघून म्हणाला, "हां. हे खरं असणार. ह्यात चाटणं नाही."

फरशी आली, बसली. गवंड्यानं बायकोला उभी करून तिच्या कोपराच्या अंदाजानं ओट्याची उंची घेतली. मी बाहेर थांबलो. तोंडात मुद्दाम सुपारी ठेवली होती, म्हणजे ते उघडू नये.

वास्तुशांतीच्या दिवशी स्वयंपाकघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिरली असती तर या फरशीवर दिसली असती म्हणा. दूध चढलं, फुगलं, आणि पातेल्याच्या कडेवरून खाली उतरलं. हिरवट दगडावर पांढरी धार लख्ख दिसत पूर्वेच्या खिडकीकडं गेली. बायका "आलं, आलं" म्हणाल्या. आई फरशीवर बोट फिरवून मोठ्यानं म्हणाली, "काय बाई ह्यो दगुड! शेवाळ धरल्यागत. आमच्या येळला न्हवतं असलं." तासगावकडच्या पाहुण्या चपापल्या. बायकोचा चेहरा मात्र असा फुलला की मेव्हणाही समजला आणि त्यानं मला कोपरानं ढोसलं.

मग ती माझ्याकडं वळली. सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुम्ही सांगा. कसा झालाय ओटा?"

माझ्या तोंडात 'ढाळ जरा जास्त वाटतोय' तयार होतं. ती माझी सर्वांत मोठी पावती असती आणि तिला ती कळलीही असती. पण मेव्हणा बघत होता, आणि त्याच्या मागं सासरे, ज्यांच्या मनात अजून ती म्हैस होती. मी घसा साफ केला.

"चांगला झालाय."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं खाली वाकून सिंकच्या कडेला बघितलं, मग कोपऱ्यातल्या सांध्याला, मग तळहात फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "काय झालं? तडा गेलाय का? कुठं?"

"कुठं नाही. चांगला झालाय म्हणून चांगला म्हणालो."

"खरं?"

"आईशप्पथ खरं."

"माझी कशाला घालतोस शपत?" आई म्हणाली.

बायकोनं फडकं घेतलं, सांडलेलं दूध पुसलं, आणि पुसता पुसता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सवय नाही हो. एकदम असं बोलत जाऊ नका. आधी सांगत जा."

लाल फरशी आता अंगणात बाक म्हणून आहे. आहेर तो, टाकायचा कुठं? सिंकच्या भोकात सदाफुलीची कुंडी बरोब्बर बसली. संध्याकाळी मी भोकाच्या या बाजूला बसतो. येणारा-जाणारा थांबून बघतो, आणि त्याला काय बोलावं कळत नाही. "कशी आहे?" मी विचारतो. परवा एक पाहुणा वडूजकडून आला होता, आमच्याच रिवाजातला. त्यानं फरशीभोवती एक चक्कर मारली, हात जोडले आणि म्हणाला, "वा! काय दगड हाय!"

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.